टक्केवारीत चूक खपते, नावात नाही

डोपिंगची बातमी आली की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘सगळेच घेतात हो, हा सापडला इतकंच.’ आणि दुसरं, ‘मशीन खोटं बोलतं काय? सापडला म्हणजे घेतलंच असणार.’ पहिल्या वाक्यात आपण अख्ख्या खेळाबद्दल बोलतो, दुसऱ्यात एका माणसाबद्दल. पुरावा मात्र दोन्हीकडे तोच: लघवीची एक बाटली आणि प्रयोगशाळेचा एक कागद.

एकाच चाचणीकडून ही दोन्ही उत्तरं मागायची आपली जी सवय आहे, तिच्यावर आज मला टीका करायची आहे. त्यासाठी एक जुनं प्रकरण घेतलंय. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलने २००३ साली आपल्या सगळ्या खेळाडूंची एक निनावी चाचणी केली होती. बेसबॉल कळत नसेल तर अडू नका, मलाही फारसं कळत नाही. या गोष्टीत मैदान कमी आणि फाइली जास्त आहेत. आणि अशीच एक फाइल माझ्याही कपाटात असल्यामुळे हे प्रकरण काही महिने डोक्यातून जात नाहीये. त्याबद्दल शेवटी सांगते.

आधी, झालं काय होतं?

१९९८ साली मार्क मॅग्वायरने एका हंगामात ७० होमरन मारले. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले. जुने विक्रम धडाधड कोसळत होते आणि खेळाडूंचे दंड वर्षागणिक जाड होत होते. लोक बोलायला लागले. पण अमेरिकेतल्या संघखेळांची गोष्ट ऑलिंपिकपेक्षा वेगळी आहे. तिथे चाचणीचे नियम कुठल्या जागतिक संस्थेकडून येत नाहीत, ते मालक आणि खेळाडूंची युनियन यांच्या करारात ठरतात. पगार, सुट्ट्या, पेन्शन आणि लघवीची तपासणी, सगळं एकाच टेबलावर. युनियनने वर्षानुवर्षं चाचणीला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं असं, की संशय आहे म्हणून प्रत्येक कामगाराची झडती घेता येत नाही.

२००२च्या ऑगस्टमध्ये झालेल्या करारात शेवटी तडजोड निघाली. २००३च्या हंगामात सगळ्यांची चाचणी करायची, पण निनावी. कोणालाही शिक्षा नाही, कोणाचं नाव बाहेर येणार नाही. ५ टक्क्यांपेक्षा जास्त नमुने पॉझिटिव्ह निघाले, तरच २००४पासून नावानिशी चाचण्या सुरू करायच्या. थोडक्यात, आधी रोग किती पसरलाय ते मोजू, मग औषध ठरवू.

सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करणारी मुलगी म्हणून सांगते, वाचल्यावर पहिल्यांदा मला हे फारच आवडलं होतं. आपल्याकडे बहुतेक धोरणं उलट्या क्रमाने होतात, आधी शिक्षा ठरते आणि प्रमाण किती ते कोणी मोजतच नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये निकाल आला. एकूण १,४३८ चाचण्या. पॉझिटिव्ह: ‘५ ते ७ टक्के’. उंबरठा ओलांडला गेला होता. पुढच्या वर्षीपासून खऱ्या चाचण्या लागू झाल्या.

आता टीकेकडे येते. तीन मुद्दे आहेत, आणि तिसरा सगळ्यांत गंभीर आहे.

पहिला मुद्दा: हा आकडा मोजतो तरी काय?

खेळाडूंना चाचणी होणार हे काही महिने आधीपासून माहीत होतं. दिवस माहीत नव्हता, पण वर्ष माहीत होतं. त्यामुळे ५ ते ७ टक्के म्हणजे ‘घेणारे किती’ याचं उत्तर नाहीच. माहीत असूनही थांबले नाहीत, किंवा ज्यांना थांबणं जमलं नाही, असे किती, याचं ते उत्तर आहे.

त्यात चाचणीला फक्त तेच दिसतं, जे शोधायला तिला सांगितलेलं असतं. टीएचजी नावाचं एक स्टेरॉइड तर मुद्दाम चाचणीला दिसू नये असं बनवलेलं होतं. २००३च्याच उन्हाळ्यात एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेकडे पाठवली, लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने त्यातलं रसायन ओळखलं, तेव्हा ते जगाला कळलं. वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनची, गोष्ट तर आणखी पुढची. ते लघवीत पकडता येत नाही, रक्त लागतं, आणि बेसबॉलमध्ये रक्ताची चाचणी सुरू व्हायला २०१२ उजाडलं.

शिवाय एक गंमत झाली. चाचणीला नकार दिला तर तो पॉझिटिव्ह धरायचा, असा नियम होता. शिकागो व्हाइट सॉक्स संघातल्या काही खेळाडूंच्या लक्षात आलं, की आपण नकार दिला तर टक्केवारी वाढेल, उंबरठा ओलांडला जाईल आणि खऱ्या चाचण्या सुरू होतील. ते स्वच्छ खेळणारे होते आणि त्यांना चाचण्या हव्या होत्या. शेवटी युनियनच्या सांगण्यावरून त्यांनी तसं केलं नाही. पण विचार करा, सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्याला निकालाचा उंबरठा आधीच माहीत असेल, तर ते सर्वेक्षण राहत नाही, मतदान होतं.

आता थोडा हिशेब करू. कागद-पेन घ्या हवं तर. हे आकडे माझे आहेत, फक्त समजण्यापुरते.

समजा १,००० खेळाडू आहेत आणि त्यांतले २०० जण काहीतरी घेतात. कोणत्याही एका दिवशी घेणाऱ्याची चाचणी केली, तर तो सापडण्याची शक्यता १० टक्के धरू, कारण पुष्कळ द्रव्यं काही दिवसांत शरीराबाहेर पडतात आणि घेणाऱ्याला वेळापत्रक सांभाळता येतं. म्हणजे २०० पैकी २० सापडले. उरलेले ८०० काहीही न घेणारे. त्यांतल्या दर २०० मध्ये एकाच्या नमुन्यात भलतंच काही निघालं, कुठल्या भेसळीच्या प्रोटीन पावडरमधून आलेलं किंवा खोकल्याच्या औषधातलं. असे झाले ४. एकूण पॉझिटिव्ह २४.

बातमी काय येईल? ‘२.४ टक्के खेळाडू दोषी.’ खरं प्रमाण २० टक्के आहे, म्हणजे आठपटीहून जास्त. आणि त्याच वेळी त्या २४ जणांतले ४ जण, म्हणजे सहातला एक, ज्या अर्थाने आपण ‘घेतलं’ म्हणतो त्या अर्थाने निर्दोष आहे.

प्रयोगशाळेने इथे एकही चूक केलेली नाही हे लक्षात घ्या. द्रव्य होतं, ते सापडलं. दोन नमुने असतात, पहिला पॉझिटिव्ह आला तर दुसरा उघडून पुन्हा तपासता येतो, आणि आजची यंत्रं फार बारीक पाहतात. चूक प्रयोगशाळेच्या उत्तरात नाही, त्यावरून आपण मारलेल्या उडीत आहे. एकच चाचणी समूहाबद्दल फार कमी सांगते आणि एखाद्या माणसाबद्दल वाजवीपेक्षा जास्त सांगते असं आपल्याला वाटतं. सुरुवातीची दोन वाक्यं आठवा. पहिलं वाटतं त्यापेक्षा जास्त खरं असू शकतं, आणि दुसरं वाटतं त्यापेक्षा कमी.

दुसरा मुद्दा: ‘५ ते ७’ असं का?

१,४३८ चाचण्या झाल्या, निकाल आले, मग नेमका आकडा का नाही? सर्वेक्षणाचा निकाल मोजलेला असतो. त्यात ‘ते’ कशाला?

याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी, २००९ मध्ये, युनियनने दिलं. पॉझिटिव्ह नमुने जास्तीत जास्त ९६ होते. त्यांतले ८३ निश्चित होते, १३ वादग्रस्त. काही सप्लिमेंट्स त्या वेळी दुकानात कायदेशीर मिळत आणि त्यांनी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकत होती, म्हणून हा वाद. आता भागाकार करून बघा: ८३ म्हणजे ५.८ टक्के, ९६ म्हणजे ६.७ टक्के. उंबरठा ५ टक्क्यांचा, म्हणजे ७२ नमुन्यांचा. १३ नमुने धरले काय आणि सोडले काय, उंबरठा ओलांडलेलाच होता. म्हणून त्या १३ जणांचा निवाडा कोणी केलाच नाही. गरजच नव्हती.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. प्रश्न ‘५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे का’ एवढाच होता, त्याचं उत्तर मिळालं, काम संपलं. मीही तेच केलं असतं. माझ्या अभ्यासात हजारातल्या पाच नोंदी संशयास्पद असतील, तर मी तळटीप टाकून पुढे जाते. टक्केवारी अशा चुका पोटात घालते. नाव घालत नाही. ज्याच्या नमुन्यावर वाद आहे त्या एका माणसासाठी तो वाद १०० टक्के आहे.

पण नावं बाहेर येणारच नव्हती ना? मग बिघडलं कुठे?

तिसरा मुद्दा: किल्ली

‘निनावी’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. संशोधनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, नाव कधी नोंदवलंच नाही. दुसरी, नाव एका कागदावर, उत्तर दुसऱ्या कागदावर, आणि दोन्हींना जोडणारा क्रमांक तिसरीकडे. दुसऱ्या प्रकाराला निनावी म्हणणं म्हणजे कुलूप लावलेल्या घराला ‘घरच नाही’ म्हणण्यासारखं आहे. घर आहे, किल्ली कोणाकडे आहे एवढाच प्रश्न.

बेसबॉलचं सर्वेक्षण दुसऱ्या प्रकारचं होतं. क्रमांकानुसार निकाल एका प्रयोगशाळेकडे होते आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी चाचणीचं काम पाहणाऱ्या कंपनीकडे होती. निकाल जाहीर झाल्यावर हे सगळं नष्ट करायचं ठरलं होतं. ते व्हायच्या आत, थोड्याच दिवसांत, बाल्को या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या स्टेरॉइड प्रकरणाचा तपास करणाऱ्या सरकारी यंत्रणेचं समन्स आलं. समन्स आल्यावर कागद नष्ट करणं हाच गुन्हा होतो. मग एप्रिल २००४ मध्ये धाडी पडल्या. वॉरंट १० खेळाडूंच्या नोंदींसाठी होतं. पण त्या दहा जणांच्या नोंदी ज्या फाइलींमध्ये होत्या, त्यांतच बाकी सगळ्यांच्याही होत्या. सगळ्याच उचलल्या गेल्या.

सरकारकडच्या यादीत १०४ नावं असल्याच्या बातम्या आल्या. आता मघाचा आकडा आठवा: पॉझिटिव्ह जास्तीत जास्त ९६. म्हणजे युनियनचा आकडा खरा धरला, तर त्या यादीत असे लोकही होते ज्यांचा नमुना पॉझिटिव्ह नव्हताच. वर ते १३ वादग्रस्त.

पुढची पाच वर्षं कोर्टकचेरीत गेली. २००९च्या ऑगस्टमध्ये अपिलाच्या न्यायालयाने सांगितलं, की सरकारने बाकीच्यांच्या नोंदी घेणं चूक होतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये ॲलेक्स रॉड्रिग्सचं नाव फुटलं. त्याने कबूल केलं, की हो, २००१ ते २००३ मी घेत होतो. जूनमध्ये सॅमी सोसाचं नाव आलं. जुलैमध्ये डेव्हिड ऑर्टिसचं.

ऑर्टिसचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त छळतं. त्याच्या नमुन्यात कोणतं द्रव्य सापडलं हे कधीच जाहीर झालं नाही. तो म्हणाला, मी जाणूनबुजून स्टेरॉइड घेतलेलं नाही, दुकानातून सप्लिमेंट आणि जीवनसत्त्वं मात्र न बघता घ्यायचो. खरं की खोटं? तपासायचं कसं? तो ८३ मधला की १३ मधला, की यादीत नुसताच असलेला, हे ठरवायचा मार्गच शिल्लक नव्हता. २००४पासूनच्या नावानिशी चाचण्यांत तो कधी सापडला नाही. २०१६ मध्ये, तो निवृत्त होत असताना, बेसबॉलच्या आयुक्तांनी स्वतः सांगितलं, की त्या यादीतल्या निदान दहाएक नावांबाबत निकाल खरोखर पॉझिटिव्ह होता का हे शास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट नव्हतं, आणि उंबरठा आधीच ओलांडल्यामुळे ते तपासलं गेलं नाही. २०२२ मध्ये ऑर्टिस हॉल ऑफ फेममध्ये गेला. तरी त्याच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात एक वाक्य ‘२००३च्या यादीत नाव होतं’ असं येतंच. हे वाक्य खरं आहे आणि त्याचा अर्थ काय ते कोणालाच सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, पण रॉड्रिग्स तर खरंच निघाला ना? निघाला. २०१४चा अख्खा हंगाम तो पुन्हा अशाच प्रकरणात निलंबितही झाला. पण कसा सापडला ते बघा. फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस नावाच्या दवाखान्याच्या वह्या-कागद बाहेर आले, त्यावरून. त्या वेळी शिक्षा झालेल्या बहुतेकांना चाचणीने नाही, कागदपत्रांनी पकडलं. म्हणजे ज्या यादीने एकाला उघडं पाडलं तिनेच दुसऱ्याला कायमचं अधांतरी ठेवलं, आणि दोघांत फरक करायची सोय त्या यादीत नव्हती. कारण ती यादी त्यासाठी बनवलेलीच नव्हती. ती मोजायला बनवली होती. कोर्टात आणि वर्तमानपत्रात ती पुरावा झाली.

मग यादीच बनवली नाही तर?

यावर संशोधनात एक जुनी आणि भलतीच हुशार युक्ती आहे. २०११ साली दक्षिण कोरियात देगू इथे झालेल्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत आणि त्याच वर्षीच्या दोहाच्या पॅन-अरब स्पर्धेत काही संशोधकांनी ती वापरली. ॲथलेटिक्स हा संघखेळ नाही, पण युक्ती कुठेही चालेल.

खेळाडूच्या हातात टॅब्लेट देतात आणि सांगतात: ओळखीच्या कोणाची तरी जन्मतारीख मनात धरा. ती महिन्याच्या १ ते १० तारखेत येत असेल, तर प्रश्न ‘अ’चं उत्तर द्या: ती तारीख वर्षाच्या पहिल्या सहामाहीत येते का? नसेल, तर प्रश्न ‘ब’चं उत्तर द्या: गेल्या १२ महिन्यांत तुम्ही जाणूनबुजून बंदी असलेलं द्रव्य किंवा पद्धत वापरली का? स्क्रीनवर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. कोणता प्रश्न वाट्याला आला हे फक्त त्या खेळाडूलाच माहीत.

३०० जणांना विचारलं असं समजा. अंदाजे १०० जणांना ‘अ’ आला, त्यांतले ५० ‘हो’ म्हणणार. उरलेल्या २०० जणांनी ‘ब’चं उत्तर दिलं. एकूण ‘हो’ १३० आले, तर त्यांतले ८० ‘ब’चे. २०० पैकी ८०, म्हणजे ४० टक्के. समूहाचं उत्तर मिळालं आणि एकाही माणसाबद्दल काही कळलं नाही. उद्या धाड पडली तरी पोलिसांच्या हाती ‘हो’, ‘नाही’, ‘हो’ एवढंच लागेल. किल्ली कोणाकडेच नाही, कारण ती घडवलेलीच नाही.

निकाल? देगूमध्ये ४३.६ टक्के. तिथल्याच प्रत्यक्ष चाचण्यांत पॉझिटिव्ह निघाले ०.५ टक्के. हे काम छापून यायला २०१७ उजाडलं. सर्वेक्षणात वर्षभरातलं विचारलं होतं आणि चाचणीला फक्त त्या दिवसांतलं दिसतं, हा फरक मान्य. सूचना घाईत नीट न वाचता उत्तर देणारेही असणार, म्हणून नेमक्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. पण ०.५ आणि ४३.६ यांच्यातली दरी घाईघाईच्या उत्तरांनी भरून निघेल असं मला वाटत नाही.

आता आपल्या अंगणात

२०२३च्या जागतिक अहवालात भारताचे ५,६०६ नमुने तपासले गेले, २१३ पॉझिटिव्ह निघाले, ३.८ टक्के. बातम्या आल्या, भारत डोपिंगमध्ये सगळ्यांत पुढे. काळजीचं कारण आहेच. पण वरचा हिशेब लक्षात ठेवून हा आकडा वाचा. नमुने कोणाचे घेतले, कोणत्या खेळांत, संशय धरून की सरसकट, यावर तो हलतो. चांगल्या माहितीवरून नेमके खेळाडू निवडणाऱ्या देशाचा आकडा वाढतो, आणि डोळे मिटून बसणाऱ्याचा शून्यावर राहतो.

क्रिकेटचं म्हणाल, तर २००९ मध्ये आपल्या क्रिकेटपटूंनी आणि बोर्डाने जागतिक नियमांतल्या एका कलमाला विरोध केला. दिवसातल्या एका तासासाठी आपण कुठे असू हे तीन महिने आधी कळवायचं, असं ते कलम. तेव्हा बऱ्याच लोकांनी त्याला नखरे म्हटलं. मलाही तसंच वाटायचं. बेसबॉलची गोष्ट वाचल्यावर मात्र वाटतं, की ‘ही माहिती कोणाच्या हातात जाईल’ हा प्रश्न योग्यच होता. चूक झाली ती उपायात. बोर्डाने त्या कारणावरून पुढची दहा वर्षं राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेला दूर ठेवलं आणि चाचण्यांचं व निवाड्याचं काम स्वतःकडे ठेवलं. तपासणारे तेच, न्याय करणारेही तेच.

त्याचा परिणाम पृथ्वी शॉच्या प्रकरणात दिसला. २२ फेब्रुवारी २०१९ला इंदूरला मुंबईकडून खेळताना त्याचा नमुना घेतला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. श्वासनलिका मोकळी करणारं हे औषध आपल्याकडच्या कित्येक खोकल्याच्या सिरपमध्ये असतं. तो १९ वर्षांचा होता आणि खोकल्याचं औषध घेतल्याचं त्याने सांगितलं. बोर्डाने ते मान्यही केलं. आठ महिन्यांची बंदी झाली. पण तारखा बघा. त्याला कळवलं १६ जुलैला, म्हणजे नमुना घेतल्यावर जवळजवळ पाच महिन्यांनी. जाहीर झालं ३० जुलैला. आणि बंदी कागदावर सुरू झाली १६ मार्चपासून. २३ मार्चला आयपीएल सुरू झालं आणि त्यात तो खेळला! म्हणजे कागदावर ज्या काळात बंदी होती, त्याच काळात आपण त्याला टीव्हीवर बघत होतो.

हे मागे नेलेलं निलंबन त्याच्या फायद्याचं होतं की तोट्याचं, यावर तेव्हा खूप वाद झाला. मला त्याहून वाईट वाटतं ते हे, की कोणालाच विश्वास ठेवता आला नाही. कडक म्हणणाऱ्यांना वाटलं सांभाळून घेतलं, सहानुभूती असणाऱ्यांना वाटलं पोराला उगाच बळी दिलं. निवाडा करणारा तटस्थ असता तर त्याच तारखांचा अर्थ निदान विचारता आला असता. दहाच दिवसांनी, ९ ऑगस्टला, बोर्डाने राष्ट्रीय संस्थेच्या चाचण्या मान्य केल्या. आणि त्याच महिन्यात जागतिक संस्थेने आपल्या दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता स्थगित केली. ती परत मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे बोर्डाचा अविश्वासही अगदीच हवेत नव्हता. दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर होत्या आणि मध्ये उभा होता एक १९ वर्षांचा मुलगा.

माझ्या कपाटातली फाइल

माझ्या अभ्यासात मी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर ट्रकचालकांना विचारते, की रात्री झोप येऊ नये म्हणून काय घेता. तंबाखू, गोळ्या, आणखी काय. एका काकांनी संमतीपत्रावर अंगठा द्यायच्या आधी विचारलं, ‘ताई, हे मालकाकडे जाणार नाही ना?’ मी ताबडतोब म्हटलं, ‘नाही हो काका.’ तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. माझ्याकडे क्रमांकांची यादी आहे, ती वेगळ्या कपाटात आहे, नियम पाळलेत. बेसबॉलवाल्यांनीही पाळले होते.

म्हणून पुढच्या फेरीसाठी मी ती जन्मतारखेची युक्ती घेऊन ढाब्यावर गेले. पहिल्या चौघांपैकी तिघांची तारीख निघाली १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. बायकोची? तीही १ जून. महाराष्ट्रात राहून हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. सगळेच १ ते १० मध्ये आले तर प्रश्न ‘ब’ विचारलाच जाणार नाही आणि १ जून पहिल्या सहामाहीत येत असल्यामुळे सगळ्यांचं उत्तर ‘हो’ येईल, आणि मी घाबरून लिहीन, की आपले सगळेच चालक काहीतरी घेतात. परदेशातली पद्धत उचलून आणली की असं होतं. आता खिशातल्या नोटेच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा वापरून बघतेय. ०, १, २ असेल तर प्रश्न ‘अ’, बाकी ‘ब’. नोटेला १ जूनचं वेड नाही. जुनी यादी मात्र अजून कपाटात आहे. पहिल्या फेरीचं काम संपलं की ती फाडायची, आणि संपवायला उशीर करायचा नाही, एवढं ठरवलंय.

तुमच्यासाठी एवढंच सांगते. पुढच्या वेळी डोपिंगची बातमी आली, तर आकडा असेल तिथे विचारा, कोणाला तपासलं आणि त्यांना आधी माहीत होतं का. नाव असेल तिथे विचारा, कोणतं द्रव्य, किती दिवसांनी कळवलं आणि निवाडा कोणी केला. ही उत्तरं बातमीत नसतील, तर तो माणूस दोषी की निर्दोष यावर घाईने बोलू नका. आणि कोणी तुम्हाला ‘निनावी आहे, भरून टाका’ म्हणत फॉर्म पुढे केला, तर त्या काकांसारखं आधी विचारा, ‘ताई, यादी कोणाकडे राहणार?’ मला विचारलंत तरी राग येणार नाही.